शब्दकोड्यांतील न्याय-अन्याय



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत शब्दकोड्यांवर चार शब्द लिहावेत, असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा प्रथम मी नकोच म्हटले. मी मराठी सातवीपर्यंत शिकलेली बाई. इतिहास लिहिणे हे विद्वानांचे काम. परंतु दरवर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळात शब्दकोडे घालण्याचे काम मजकडे असते, आणि मागल्या वर्षी त्यावरून जो वाद झाला तो आपणां सर्वांना ठाऊक आहे. त्या वादाचे उत्तर देणे माझ्याकडे बाकी आहे. ते देण्यापूर्वी हे कोडे आले कोठून आणि त्यातील न्याय-अन्यायाचा विचार आजवर कोणी कसा केला, हे पाहावे म्हणून वाचू लागले. जे हाती लागले ते येथे मांडते.

कोडी घालणे आपल्याकडे नवे नाही. उखाणा, हुमाण, कूट ही त्याचीच नावे. यक्षाने धर्मराजाला प्रश्न विचारले ते तळ्याच्या काठावर, आणि भाऊ निपचित पडलेले असताना. महाभारत लिहून घेताना गणपतीने अट घातली की माझी लेखणी थांबता कामा नये. तेव्हा व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय लिहू नये, आणि मधूनमधून कूट श्लोक घातले, अशी कथा आहे. म्हणजे अवघड शब्द घालण्यात व्यासांचा हेतू होता आणि तो गणपतीला आधी माहीत होता. दोघांनी अटी कबूल केल्या होत्या. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

आडव्या-उभ्या चौकटींचे कोडे मात्र परदेशातून आले. लिव्हरपूल येथे जन्मलेल्या आर्थर विन नावाच्या गृहस्थाने २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' ह्या पत्राच्या रविवारच्या पुरवणीत असे पहिले कोडे छापले. त्याचा आकार चौकोनी नव्हता, शंकरपाळ्यासारखा होता. दहा-बारा वर्षांत अमेरिकेला त्याचे वेड लागले. लंडनच्या 'टाइम्स'ने ते १ फेब्रुवारी १९३० पासून सुरू केले.

इंग्लंडात कोड्याला वेगळे वळण लागले. तेथे सरळ अर्थ न देता शब्दांचा चकवा देऊन सूचक वाक्य रचू लागले. 'ऑब्झर्व्हर' पत्रात १९२६ पासून कोडी घालणाऱ्या एका लेखकाने टोपणनाव घेतले टॉर्कमाडा. जुन्या स्पेनमध्ये धर्माच्या नावाखाली लोकांचा छळ करणाऱ्या न्यायाधीशाचे हे नाव! सोडविणाऱ्यांचा छळ करावयाचा हे त्याने जणू आधीच सांगून टाकले. तो १९३९ साली वारला. त्याच्या जागी मॅकनट नावाचे एक शाळामास्तर आले. त्यांनीही अशाच एका न्यायाधीशाचे, झिमेनीज हे, नाव घेतले. परंतु त्यांनी छळाला नियम लावले. १९६६ साली त्यांनी ह्या विषयावर पुस्तक लिहिले. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, सूचक वाक्यात शब्दाचा अर्थ असला पाहिजे, शब्दाची फोड असली पाहिजे, आणि त्याखेरीज भरताड काही असू नये. सोडविणाऱ्याला फसवावे, पण उत्तर कळल्यावर त्याने कपाळावर हात मारून "अरे, हे तर समोरच होते!" असे म्हटले पाहिजे. उत्तर कळल्यावरही जो म्हणतो "हे मला कसे कळणार होते?" त्याच्यावर अन्याय झाला असे समजावे.

आपल्या मराठीतले एक उदाहरण देते. "लग्नाला निघालेला प्रांत, अक्षरे तीन." उत्तर, वऱ्हाड. ह्यात चकवा आहे, पण लबाडी नाही. मागे एकदा मी हे घातले होते, आणि ज्यांना ते सुटले नाही त्याही हसल्या होत्या. आता दुसरे घ्या. "पाणी, अक्षरे दोन." जल म्हणावे, नीर म्हणावे की तोय म्हणावे? सोडविणारीने काय करावे? छेद देणारा शब्द सुटेपर्यंत हात जोडून बसावे. आणि छेदच नसेल तर? तर मग ते कोडे राहिले नाही, सोडत झाली.

छेद म्हणजे काय, हे ज्या भगिनी कोडी सोडवीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. एका घरातून आडवा शब्द जातो आणि त्याच घरातून उभा शब्द जातो, ते घर म्हणजे छेद. एक शब्द अडला तर दुसरा त्याला हात देतो. आपल्या मराठीत ह्याला अधिक महत्त्व आहे, कारण इंग्रजीत एका घरात एक सुटे अक्षर बसते, तर आपल्या एका घरात काना, मात्रा, वेलांटीसकट सगळे जोडाक्षर बसते. 'वऱ्हाड'मधल्या 'ऱ्हा'तून उभा शब्द न्यावयाचा तर गुऱ्हाळ, पऱ्हाटी असे मोजकेच शब्द सापडतात. म्हणून कोडे घालणारीला ते कठीण, पण सोडविणारीला एक छेद मिळाला तर मोठाच आधार.

ह्यात ऱ्हस्व-दीर्घाची भानगड आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम सरकारने १९६२ साली मान्य केले, आणि १९७२ साली आणखी चार आले. पूर्वी 'कवि' असे ऱ्हस्व लिहीत, ते नव्या नियमांनी 'कवी' झाले. आता कवीच्या शेवटच्या घरातून खाली 'विळा' न्यावयाचा असेल तर त्या घरात वि घालावयाची की वी? पुष्कळ कोड्यांत "ऱ्हस्व-दीर्घाकडे दुर्लक्ष करावे" असे गृहीत धरतात. धरावयाचे तर धरावे, पण आधी सांगावे. व्यास-गणपतीच्या अटींसारखे.

अवघड शब्द घालूच नये का, असाही प्रश्न निघतो. माझी भाची अमेरिकेत असते, ती कोडी फार सोडवते. तिने सांगितले की २००८ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या कोड्यात नॅटिक ह्या मॅसॅच्युसेट्समधील गावाचे नाव आणि एन. सी. वायेथ ह्या चित्रकाराचे नाव एकाच अक्षरावर एकमेकांना छेदीत होते. ज्याला गाव ठाऊक नाही आणि चित्रकारही ठाऊक नाही, त्याने ते एक अक्षर कोठून आणावे? तेव्हापासून अशा घराला तिकडे 'नॅटिक'च म्हणतात. मला हे पटले. अवघड शब्द घालावा, खुशाल घालावा. नवा शब्द शिकणे हाच तर कोड्याचा फायदा. पण त्याच्या चारी बाजूंनी ओळखीचे शब्द उभे करावे, म्हणजे अनोळखी पाहुणा घरच्यांबरोबर घरात येतो.

आता ह्या विषयाची दुसरी बाजू. ती मौजेची नाही.

१९५० च्या आगेमागे आपल्या देशात बक्षिसी शब्दकोड्यांचा सुळसुळाट झाला होता. प्रवेशिकेबरोबर काही आणे फी पाठवावयाची आणि बक्षिसाची वाट पाहावयाची. मुंबई सरकारने १९४८ साली सोडती व बक्षिसी स्पर्धा यांवर नियंत्रण आणि कर बसविणारा कायदा केला. तेव्हा प्रांताबाहेर छापलेल्या पत्रांतून स्पर्धा चालू राहिल्या, म्हणून १९५२ साली दुरुस्ती करून त्यांनाही कर लावला. 'स्पोर्टिंग स्टार' हे बंगलोरहून निघणारे साप्ताहिक; त्यातून आर. एम. डी. सी. ह्या नावाने कोडी चालत. त्यांचे चालक चमारबागवाला कोर्टात गेले. मुंबईच्या हायकोर्टात ते जिंकले. पण सरकारने दिल्लीस अपील केले, आणि ९ एप्रिल १९५७ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल फिरविला. मधल्या काळात दिल्लीच्या सरकारने १९५५ साली बक्षिसी स्पर्धांचा कायदा केला होता. तो १ एप्रिल १९५६ पासून अमलात आला. एका महिन्यात एकूण बक्षीस एक हजार रुपयांवर जाऊ नये, आणि एका स्पर्धेला दोन हजारांहून जास्त प्रवेशिका घेऊ नयेत, असे त्यात बंधन घातले. ज्या राज्यांच्या विधिमंडळांनी हा कायदा मागितला त्यांची नावे त्यात दिली आहेत. त्यांत मुंबई, मद्रास, हैदराबाद आहेत. आपले वऱ्हाड तेव्हा ज्यात होते त्या मध्य प्रदेशाचे नाव नाही. आपण १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात गेलो.

कोड्याला जुगार कसे म्हणावे, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण त्या कोड्यांच्या रचनेत होते. सूचक वाक्य असे घालावयाचे की दोन शब्द सारखेच बसावेत. उत्तर आधीच ठरवून ठेवावयाचे, आणि त्याच्याशी जुळेल तोच बरोबर. इंग्लंडातील एका न्यायाधीशांनी १९३० नंतरच्या दशकातच अशा स्पर्धांविषयी म्हटले होते की, हे लपविलेल्या निशाणावर डोळे बांधून बाण मारण्यासारखे आहे आणि प्रत्येक बाणाचे पैसे द्यावयाचे आहेत. सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी आपल्या निकालपत्रात थेट ऋग्वेदातील जुगाऱ्याच्या सूक्तापासून महाभारत, मनू, कौटिल्य यांच्यापर्यंत दाखले दिले आहेत. मात्र ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते ती जुगार नव्हे, हेही कोर्टाने मानले. म्हणजे आपण बायका ज्याला "हे बरोबर घातलेले नाही" म्हणतो, त्यावरच कायद्याने रेघ ओढली.

हिशेब करून पाहा. दोन शब्द बसतील अशी पाच वाक्ये असली तर सगळ्या शक्यता बत्तीस होतात. एका प्रवेशिकेला चार आणे धरले तर आठ रुपये. अशी दहा वाक्ये असली तर शक्यता एक हजार चोवीस आणि खर्च दोनशे छप्पन्न रुपये! तेथे ज्ञान चालत नाही, पैसाच चालतो.

हा हिशेब मला पुस्तकाने शिकविला नाही, आमच्या आजेसासूबाईंनी शिकविला. माझे माहेर अमरावतीचे. लग्न होऊन अकोल्यास आले तेव्हा आजेसासूबाई होत्या. आजेसासरे एका जिनात कारकून होते. रुईच्या गाठींचा हिशेब ठेवीत. मोठे सज्जन गृहस्थ, विडीसुद्धा ओढीत नसत. पण परगावच्या एका कोड्याच्या स्पर्धेचा त्यांना नाद लागला. आजेसासूबाई शिवणाच्या मशीनसाठी एका डब्यात पैसे साठवीत होत्या. त्या डब्यातून आधी चार आणे गेले, मग रुपया गेला, मग सांगून घेण्याचेही राहिले नाही. बक्षीस आले की एकदम भरून टाकू, असे ते म्हणत आणि तसे खरोखरच मानीत.

त्या कोड्यांतले एक वाक्य आजेसासूबाईंना पाठ होते. "बायकोची … नवऱ्याला उशिरा कळते." घरे दोन, दुसऱ्या घरात क दिलेला. चूक की भूक? त्यांनी भूक सांगितले. आजेसासऱ्यांनी दोन्ही प्रकारांनी प्रवेशिका भरल्या, पण पैसे कमी पडले म्हणून भूक घातलेल्यांपैकी काही पाठविल्याच नाहीत. उत्तर आले चूक. पण दुसऱ्याच एका शब्दात घोटाळा झाला आणि काहीच मिळाले नाही. पन्नास वर्षांनी मला हे सांगताना त्या म्हणाल्या, "पोरी, थे भूकच व्हतं. चूक त मानसाले लवकरच समजते. भूक समजाले येळ लागते."

मी हसले, पण त्या हसल्या नाहीत. पुढे त्या स्पर्धा बंद पडल्या आणि १९५८ साली मशीन घरात आली. ती अजून चालते. मी तिच्यावर साड्यांना फॉल लावते. आजेसासऱ्यांनी नंतर कधी कोड्याला हात लावला नाही, आणि आजेसासूबाईंनी मात्र शेवटपर्यंत रोज वर्तमानपत्रातले कोडे सोडविले. त्याला फी पडत नव्हती एवढेच नव्हे, तर दुसऱ्या दिवशी उत्तर पाहून भांडता येत होते. "हे चुकीचं घातलं" असे त्या उत्तरावर पेन्सिलीने लिहून ठेवीत. कोणाला पाठवावयाचे म्हणून नव्हे. आपल्यापुरता निकाल द्यावयाचा म्हणून.

आता मागल्या संक्रांतीची गोष्ट. मी घातलेल्या कोड्यात एक वाक्य होते, "उभ्या पिकाच्या दोन ओळींमधले तण बैलांच्या अवजाराने काढण्याचे काम, अक्षरे चार." माझे उत्तर होते कोळपणी. ते मी एका पुस्तकातून घेतले होते. आपल्या मंडळातील एक वयस्क भगिनी, ज्यांना आपण सगळ्या मावशी म्हणतो, त्या दर्यापूरकडच्या. त्यांचे बाकी सगळे कोडे बरोबर होते. येथे त्यांनी लिहिले डवरणी. मी ते चूक धरले आणि पहिला नंबर दुसरीला दिला. मावशी म्हणाल्या, "बाई, आमच्या वावरात जनमभर डवरणीच झाली. कोळपणी काय असते थे मले ठाऊक नाही." ह्यावर मी सर्वांसमोर म्हटले, "मावशी, उत्तर पुस्तकात आहे तेच धरावे लागते." त्या काही बोलल्या नाहीत. वाण घेऊन घरी गेल्या, आणि त्यानंतर मंडळात आल्या नाहीत.

काही भगिनींनी माझी बाजू घेतली, काहींनी त्यांची. प्रमाण मराठी धरावी की बोली, असा वाद रंगला. मला मात्र तो वाद मुद्द्याचा वाटेना. मी घरी येऊन कोडे पुढे घेतले. कोळपणी चार अक्षरी, डवरणीही चार अक्षरी. दोन्हींच्या शेवटी णी. आणि मी छेद फक्त त्या णीलाच दिला होता. त्यातून उभा जाणारा शब्द होता वाणी. पहिल्या तीन घरांना उभा शब्दच नव्हता. को मधून खाली 'कोयंडा' नेला असता तर मावशींना कोळपणी कळले असते, आणि एक नवा शब्द मिळाला असता. ते मी केले नाही. दोन शब्द सारखेच बसत होते आणि माझ्या पेटीत एकच बंद होता. मग त्या जुन्या स्पर्धावाल्यांत आणि माझ्यात फरक काय? त्यांनी पैशासाठी केले, मी आळसाने केले. ज्याचे उत्तर चूक ठरले त्याला फरक काय कळणार?

दुसरी गोष्ट अशी की, आपण अकोल्या-अमरावतीच्या बायका रोज कोथिंबिरीला सांभार म्हणतो, भुईमुगाला फल्ली म्हणतो, बैलगाडीला बंडी म्हणतो. आणि कोडे सोडवावयास बसलो की हे शब्द चपलांसारखे दाराबाहेर ठेवतो. पुण्याच्या बाईला बंडी म्हटले की अंगात घालावयाची आठवते. तिचे ते बरोबर, आपले हेही बरोबर. आपल्याच रिद्धपूरला महानुभावांनी मराठी गद्य लिहिले, आणि आता तेथे मराठी भाषेचे विद्यापीठ झाले आहे. आपले शब्द चूक, असे ठरविण्याचा अधिकार मला कोणी दिला होता?

मी मावशींच्या घरी गेले. बक्षिसाचा डबा बरोबर नेला होता. त्यांनी चहा केला, डबा घेतला नाही. म्हणाल्या, "डब्याचं काई नाही बाई. चारचौघींत चूक म्हनलं, थे लागलं." मी म्हटले, "मग चारचौघींतच बरोबर म्हणेन." त्या म्हणाल्या, "म्हन. पन माहं नाव टाकू नको."

म्हणून हा लेख. नाव मी घातलेले नाही. पण सर्व भगिनींसमोर, ज्या दिवशी हजर होत्या त्यांच्या आणि नव्हत्या त्यांच्याही समोर, मी लिहून देते की मागल्या संक्रांतीच्या कोड्यात डवरणी हे उत्तर बरोबर होते, आणि पहिला नंबर मावशींचा होता. ज्या भगिनीला बक्षीस मिळाले तिचा काही दोष नाही. तिचे बक्षीस तिच्याकडेच राहावे.

पुढील कोड्यांसाठी कार्यकारिणीच्या संमतीने चार गोष्टी ठरल्या आहेत. ऱ्हस्व-दीर्घ धरावयाचे की नाही हे कोड्याच्या वरच लिहावे. कोणत्याही शब्दाच्या निम्म्याहून अधिक घरांना छेद असावा. अनोळखी गाव किंवा माणूस घातला तर त्याला छेदणारा शब्द घरातला असावा. आणि उत्तराखेरीज दुसरा शब्द अर्थाला व घरांना बसला, तर तोही बरोबर धरावा; तो वऱ्हाडी असो की पुणेरी.

ही कलमे मी मावशींना वाचून दाखविली. त्यांनी चौथे कलम पुन्हा एकदा वाचावयास लावले. येत्या संक्रांतीला त्या येणार आहेत. मात्र सोडवावयास नव्हे. कोडे वाटण्यापूर्वी ते आधी त्यांनी तपासावे अशी मी विनंती केली आहे, आणि ती त्यांनी मान्य केली आहे.